मानपट्टा आणि गाढव

ही गोष्ट इतकी जुनी आहे, की तेव्हा गाढवंसुद्धा बोलायची. फक्त त्यांना कोणी काही विचारायचं नाही.

त्या काळी एका राजानं आपल्या राज्यात एक पुढारशाळा काढली होती. आठ वर्षांचं पोर आत जायचं आणि पंधराव्या वर्षी पुढारी होऊन बाहेर यायचं. शाळेत तीन गोष्टी शिकवत. छाती पुढं ठेवावी. भाषण करावं. आणि पुढाऱ्यानं कधी मागं वळून बघू नये.

तिसरी गोष्ट पोरं विसरत. म्हणून गुरुजींनी एक लाकडी मानपट्टा बनवला. पहिल्याच दिवशी तो गळ्यात बसवत. मान डावीकडं नाही, उजवीकडं नाही. नजर समोर, हनुवटी वर. पुढाऱ्यानं कोणात मिसळू नये म्हणून प्रत्येकाला जेवायला वेगळी खोली होती. खोली म्हणजे कुडाच्या चार भिंती आणि समोर ताट. हनुवटी वर असल्यामुळं ताट दिसायचं नाही. आज काय खाल्लं, ते चवीवरून ओळखायचं.

मंजुळा अशी सात वर्षं जेवली.

ती पहिल्या नंबरानं पास झाली आणि आपल्या गावी परत आली. तिला बघायला सगळं गाव जमलं. पण मानपट्टा अजून गळ्यात होता, आणि वेशीत शिरताना तिनं नजर समोर ठेवली. त्यामुळं जे अगदी समोर उभे होते तेवढेच तिला दिसले. ते दोन बैल होते.

त्याच वर्षी गावची विहीर आटली. डोंगरापलीकडं मोठं तळं होतं, तीन दिवसांच्या चालीवर. राजानं सांगितलं, "तळ्याकाठी नवं गाव वसवा. जो तुम्हाला तिथवर नेईल, तो त्या गावाचा नायक."

गावात मंजुळाला सोडून चाळीस माणसं होती. शिकलेली पुढारी एकच होती. सगळे मंजुळाच्या मागं निघाले. प्रत्येकाच्या हातात एकेक तांब्या, आणि बाकी सगळं पाणी गाढवाच्या पाठीवरच्या पखालीत.

शाळेचा नियम असा, की पुढाऱ्यानं शंभर पावलं पुढं चालायचं आणि मुक्कामही शंभर पावलं पुढंच करायचा. मागं लोक येतायत हे कळावं म्हणून त्यांनी हलगी वाजवत राहायचं. हलगी वाजतेय, म्हणजे लोक येतायत.

पहिल्या दिवशी मागून हलगी ऐकू येत होती आणि मध्येमध्ये हसणंही. कोंडाआजी, म्हणजे गावातली सगळ्यांत म्हातारी बाई, चालता चालता गोष्ट सांगत होती. वारा फिरला की तुकडा यायचा.

"...आणि जावई चढला झाडावर. सासू म्हणते, उतरा. तो म्हणतो..."

मग वारा फिरायचा आणि सगळे हसायचे. जावई काय म्हणाला, ते मंजुळापर्यंत आलंच नाही. तिनं पावलं जरा हळू टाकली. लगेच तिला गुरुजी आठवले. तिनं छाती पुढं काढली आणि ती चालायला लागली.

इकडं मागं, हलगी वाजवणाऱ्या सोपानकाकांचे हात दुखायला लागले. काका हुशार होते. त्यांनी हलगी गाढवाच्या कुशीला बांधली आणि ती वाजवायचं टिपरू दोरीनं असं लटकवलं, की गाढवाचं पाऊल पडलं की ठोका पडे.

"बघा," काका म्हणाले, "माझ्यापेक्षा तालात वाजवतंय."

सगळ्यांनी कौतुक केलं. गाढवाला कोणी काही विचारलं नाही.

दुसऱ्या दिवशी सकाळी कोंडाआजीच्या टाचेत बाभळीचा काटा गेला. लोक थांबले. कोणी काटा काढायला बसलं, कोणी तो कसा काढावा हे सांगायला. गाढवाला कोणी थांब म्हणालं नाही. ते चालत राहिलं.

"मंजुळे! ए पोरी! थांब गं!" लोकांनी हाका मारल्या. पण हलगी जवळ होती आणि हाका लांब. आजीचा पाय सुजला. तिला टाकून पळणार कोण? थोड्या वेळानं पुढारी दिसेना, आणि पाणीही.

मंजुळा चालत होती. मागं हलगी वाजत होती. दर कोसाला ती नियमाप्रमाणं भाषण करी.

"मंडळी! वाट अवघड आहे, पण मी आहे!"

कोणी काही बोललं नाही. शाळेतही भाषणानंतर कोणी बोलायचं नाही, त्यामुळं तिला वावगं वाटलं नाही. आता हसणं ऐकू येत नव्हतं. लोक आपला मान ठेवायला लागले, असं तिला वाटलं. मान ठेवला की इतकं सुनं सुनं वाटतं, हे मात्र शाळेत सांगितलं नव्हतं.

संध्याकाळी तिनं शेवटचं भाषण केलं, पण ते भाषणासारखं झालं नाही. ती म्हणाली, "मला पोहे आवडायचे, लहानपणी. कोणाला आठवतं का?"

मागं हलगीचा एक ठोका पडला. तिला बरं वाटलं.

तिसऱ्या दिवशी उन्हं कलताना तळं दिसलं. निळंशार, काठाला गवत. मंजुळा काठावर उभी राहिली.

"मंडळी, पोचलो! आधी म्हातारी माणसं पाणी पितील, मग पोरं!"

हलगी थांबली. बाजूला पाणी पिण्याचा आवाज आला. मंजुळानं कान देऊन ऐकलं. चाळीस माणसं पाणी पिताना बराच आवाज व्हायला हवा. इथं एकच आवाज होता, आणि तोही लपालपा.

"कोण आहे?" तिनं विचारलं.

गाढवाला आयुष्यात पहिल्यांदाच कोणी काहीतरी विचारत होतं. त्यानं तोंड वर काढलं आणि नीट विचार करून सांगितलं, "मी."

"बाकीचे कुठायत?"

"मागं बघ की."

"माझी मान वळत नाही."

"मान नाही वळत," गाढव म्हणालं. "पाय?"

सात वर्षांत पायांचा विषयच निघाला नव्हता. मग तिनं आधी डावा पाय उचलला, मग उजवा, आणि ती सगळीच्या सगळी वळली.

समोर उघडा माळ होता. त्यावर मावळतीपर्यंत पावलांची एकच रांग. दोन पावलं तिची, चार गाढवाची.

"तू का आलास?" तिनं विचारलं.

"मला कोणी थांब म्हणालं नाही. आणि तू बोलत होतीस. माझ्याशी इतकं कोणी बोललेलं नाही. पोह्यांचं मला आवडलं."

मंजुळाचं लक्ष पखालीकडं गेलं. सगळ्या गावाचं पाणी तिच्यासोबत आलं होतं. गाव तिथं माळावर कोरडं बसलं होतं.

तिनं पखाल काठोकाठ भरली आणि गाढवाला घेऊन ती आल्या वाटेनं निघाली. बसली नाही, झोपली नाही. भाषणही केलं नाही. वाटेत तिनं एकेक नाव आठवायला घेतलं. चाळीसांतली तिला अकराच आली. बारावा, तेरावा कोण, हे तिनं कधी बघितलंच नव्हतं.

चौथ्या दिवशी दुपारी तिला माणसं दिसली. कोरड्या नदीच्या वाळूत त्यांनी हातांनी झिरा खणला होता. त्यात गढूळ पाणी वाटीवाटीनं साचत होतं. खणणाऱ्यांची नखं तुटली होती. पोरांचे ओठ फाटले होते. आजीचा पाय दुधीभोपळ्याएवढा होता. पण चाळीसच्या चाळीस जिवंत होते.

तिनं आधी पोरांना पाणी पाजलं, मग आजीला. मग ती समोर उभी राहिली, लोकांच्या शिव्या खायला. शिव्या आल्या नाहीत.

"हलगी वाजत होती, म्हणून मला वाटलं..." ती म्हणाली.

सोपानकाका खाली मान घालून म्हणाले, "तालात होती ना पण?"

"गप रे मेल्या," कोंडाआजी म्हणाली. "मंजुळे, बस. जेव."

आजीनं फडकं सोडलं. आत तीन भाकरी होत्या, एकीवर एक.

"ही परवाची, ही कालची, ही आजची. तुझा वाटा. वरची चावता येईल. खालच्यानं भिंत बांध."

"माझा वाटा कशाला ठेवलात?"

"अगं, आपण एकेचाळीस आहोत. रोज वाटताना एक उरायचीच."

मंजुळाला भाकरी दिसेना. आधी वाटलं पट्ट्यामुळं. मग कळलं, डोळ्यांतल्या पाण्यामुळं. आजी तिच्या पाठीमागं गेली आणि म्हणाली, "हे काय गं? सुतळीची सरगाठ आहे नुसती." तिनं टोक ओढलं. मानपट्टा वाळूत पडला.

सात वर्षांत तिच्या पाठीशी इतक्या जवळ कोणी आलंच नव्हतं.

दुसऱ्या दिवशी गाव निघालं. वाट गाढवाला माहीत होती, म्हणून गाढव पुढं. मंजुळा सगळ्यांत शेवटी, आजीला पाठंगुळी घेऊन.

"आजी, तो जावई उतरला का झाडावरून?"

"अजून नाही," आजी म्हणाली आणि तिनं गोष्ट पहिल्यापासून सुरू केली.

तळ्यावर राजाचा कारभारी कागद घेऊन उभा होता. सर्वांत पुढं जो येईल त्याचं नाव नायक म्हणून लिहायचं, असा हुकूम होता. त्यानं हुकूम पाळला. राजालाही शब्द फिरवता येईना. त्यानं गाढवाला नायक केलं, आणि मानानं पुढारशाळेचं मुख्यही. गाढवानं तिथं शिकवलं काहीच नाही. त्याला अंगाला खाज यायची, म्हणून ते जेवणखोल्यांच्या कुडाला पाठ घासायचं. महिन्याभरात सगळे कूड पडले आणि पोरं एकत्र जेवायला लागली. पुढं त्या शाळेतून फार चांगले पुढारी निघाले.

मंजुळाला कोणी काही केलं नाही. ती गावच्या पोरांना घेऊन डोंगर फिरायची, नेहमी सगळ्यांच्या मागं राहून. शेवटापर्यंत तिनं एकच परीक्षा ठेवली. "मागं कोण राहिलंय, त्याचं नाव सांग."

पण तिला सगळ्यात जास्त आठवायचं ते तळ्याकडं जातानाचं पहिलं वळण. पाठीवर आजी होती आणि पुढं माणसांच्या पाठीच पाठी. वळणाआड दिसेनासं होण्याआधी सोपानकाका थांबले आणि ती येतेय का, ते त्यांनी मागं वळून बघितलं. पुढच्या वळणावर आणखी कोणीतरी बघितलं. मग प्रत्येक वळणावर.

ज्याला आपल्या मागं कोण आहे हे माहीत नाही तो पुढं नसतो, नुसता एकटा असतो.