सीमाडिंडिम आणि तीन दारांचे घर

'डिंडिम' म्हणजे दवंडीचा लहान ढोल. त्याला रणवाद्य समजू नये. रणवाद्य शत्रूला भिववते. डिंडिम केवळ कळवतो. पूर्वी शेजारी राज्यांत असा संकेत होता, की सीमेजवळ शस्त्रधारी माणसे न्यायची झाल्यास आधी डिंडिम वाजवावा, म्हणजे पलीकडच्यांना स्वारी आल्याचा भ्रम होऊ नये. यालाच सीमाडिंडिम म्हणत. सौजन्यासाठी निर्माण झालेले हे वाद्य पुढे कोणाच्या उपयोगी पडले, ते या कथेत सांगायचे आहे.

शाल्मलीपुरात उदयभद्र राजा राज्य करीत होता, त्या काळी बोधिसत्त्व त्याच्या पदरी श्रुतबंधू नावाचे अमात्य होऊन राहिले होते. शाल्मलीपूर, मेखला आणि कुंभवती या तीन राज्यांच्या सीमा एका टेकाडावर मिळत. नेमक्या त्या टेकाडावर कोटरक नावाच्या माणसाने घर बांधले होते. घराला तीन खोल्या, तीन दारे. प्रत्येक खोली वेगळ्या राज्यात. खसखशीच्या बोंडांचा चीक, धोतऱ्याचे बी आणि गूळ यांच्या गोळ्या तो वळवून घेई व तिन्ही राज्यांत पाठवी. तो त्यांना 'सुखवटी' म्हणे. त्यांपायी ज्यांची घरे बसली ते काय म्हणत, ते येथे लिहिण्याजोगे नाही.

एखाद्या राज्याचे शिपाई निघाले की डिंडिम वाजे. तो ऐकून कोटरक आपली बाज उचलून शेजारच्या खोलीत नेई आणि पुन्हा आडवा होई. शिपाई मधल्या उंबऱ्याशी थबकत, कारण उंबऱ्यापलीकडे परराज्य. "दमलात ना? ऊन फार आहे," असे तो बाजेवरूनच म्हणे आणि त्यांना ताक पाजून परत पाठवी.

एके दिवशी यशोमती नावाची कोष्टीण राजसभेत आली.

"महाराज, माझे धनी हातात धोटा घेऊन मागावरच झोपतात. जाग आली की गोळी मागतात. अन्न जात नाही. असेच चालले तर ते वाचत नाहीत."

"बाई, आम्ही कितीदा तरी शिपाई पाठवले," राजा म्हणाला.

"पाठवलेत की. ताक पिऊन आले."

सभेत कोणी हसले नाही. पण पुष्कळांना एकाच वेळी खोकला आला.

बोधिसत्त्व म्हणाले, "महाराज, एक डिंडिम वाजला तर त्याला दोन खोल्या मोकळ्या राहतात. तिन्ही एकदम वाजले तर एकही राहणार नाही."

"उत्तम! आधी मी वाजवतो, मागून ते वाजवतील."

"महाराज त्यांच्यामागून वाजवतील का?"

"छे!" राजा म्हणाला, आणि मग त्यानेच अमात्यांसाठी रथ जोडायला सांगितला.

बोधिसत्त्व दोन्ही शेजारी राजांकडे स्वतः गेले. मेखलेचा दंडकेतू म्हणाला, "उदयभद्राच्या ढोलामागून माझा ढोल? माझ्या आजोबांनी त्याच्या आजोबांना दारात उभे केले होते!" सूर्योदयाची वेळ ठरवावी, तर कुंभवतीचा पुष्पसेन चिडला. "सूर्य आधी मेखलेत उगवतो. म्हणजे पुन्हा तोच पहिला!"

"मग उगवण्याकडे पाहूच नये," बोधिसत्त्व म्हणाले. "कोटरकाच्या घराच्या आढ्यावर ऊन पडले की वाजवावे. आढे एकच आहे. मात्र सीमा राखणाऱ्या अंतपालांना हे कळवू नये. शिपायांना तेथे ताक मिळते. अंतपालांना काय मिळत असेल, याचा विचार व्हावा."

हे दोघांनी मानले. ठरल्या दिवशी टेकाडाकडे निघताना उदयभद्र हळूच म्हणाला, "अमात्य, कोटरक आपल्या खोलीत सापडला, तर सारा सीमाप्रांत तुम्हाला इनाम."

आढ्यावर ऊन आले आणि तिन्ही बाजूंनी डिंडिम वाजले. कोटरकाने बाज दुसऱ्या खोलीत नेली, तेथे ढोल. तिसरीत नेली, तेथेही ढोल. पहिलीत परतला, तो दारात उदयभद्र उभा. शेवटी तिन्ही उंबरे मिळतात तेथे बाज टाकून तो तिच्याखाली शिरला.

राजे आत आले, तेव्हा चुलीपाशी पंगत बसलेली होती. आपण परस्परांचे तोंडही पाहिलेले नाही, असे वर्षानुवर्षे कळवणारे तिन्ही अंतपाल मांडे खात होते, आणि कुंभवतीचा मेखलेच्याला आग्रहाने तूप वाढत होता. पानावरून उठावे की घास संपवावा, हे त्यांना ठरवता येईना.

"तीन राज्यांनी एकत्र यावे म्हणून आपण किती खटपट केली," बोधिसत्त्व म्हणाले. "येथे ते केव्हाच जमले होते."

एवढ्यात बाजेपाशी वाद पेटला. कोटरकाचे डोके मेखलेत, पोट कुंभवतीत आणि पाय शाल्मलीपुरात होते.

"डोके ज्याचे, चोर त्याचा!" दंडकेतू ओरडला.

"सारे पाप पोटासाठी. पोट माझ्याकडे आहे!" पुष्पसेन म्हणाला.

"आपले ठरेपर्यंत जरा कूस बदलू का?" बाजेखालून कोटरकाने विचारले.

उदयभद्र बोधिसत्त्वांच्या कानाशी लागला. "ओढा, अमात्य, पाय ओढा! प्रांत तुमचा!"

बोधिसत्त्वांनी पायांना हात लावला नाही. ते म्हणाले, "चोर कोणीही न्यावा. न्याय मात्र तिघांनी येथे मिळून करावा. चोराचा आणि अंतपालांचाही. मला इनाम नको, हे घर द्यावे. तिन्ही राज्यांतले गोळीला लागलेले लोक येथे आणू. त्यांनी उंबरा ओलांडला, तर कोणी अडवू नये."

"घालवलात हो प्रांत!" उदयभद्र हळहळला, पण दोघांदेखत त्याला नाही म्हणवेना, आणि तो हो म्हणाल्यावर त्या दोघांनाही मागे राहवेना. मध्ये कोणी बसावे हे न ठरल्याने तिघे आपापल्या खोलीत बसले आणि उघड्या दारांतून त्यांनी एकच निकाल दिला. कोटरक बंदिशाळेत गेला. अंतपालांची पदे गेली.

त्या घरात पहिला रोगी आला तो यशोमतीचा नवरा. तो थरथरला, रडला, अमात्यांना शिव्या देत राहिला; ते त्याचे तोंड पुसून पेज भरवीत राहिले. पुढे तो मागावर जागा राहू लागला. त्याने विणलेले पहिले लुगडे वाकडे झाले. यशोमती तेच नेसून बाजारात गेली.

ही कथा सांगून शास्ते भिक्षूंना म्हणाले, "आज सकाळी भोजनशाळेत आधी कोणी शिरावे म्हणून जे तिघे दारात अडून राहिले, तेच ते तीन राजे. भिक्षूंसाठी चीवरे विणणारी उपासिका ही यशोमती. तिचा पती तेव्हाही तिचा पतीच होता. अमात्य श्रुतबंधू मीच होतो." अंतपाल कोण, हे त्यांनी सांगितले नाही, तरीही काही माना खाली गेल्या. त्या जन्मात बोधिसत्त्वांनी मैत्रीची आणि सत्याची पारमिता, म्हणजे त्या गुणांची पराकाष्ठा, पूर्ण केली.

ही कथा सांगताना हल्ली एक चूक सर्रास होते. अमात्यांनी प्रत्येक राजाला एकांतात "आपलाच डिंडिम पहिला" असे सांगून तिघांना वश केले, असे लोक रंगवून सांगतात. श्रोते हसतात, पण ते खरे नव्हे. बोधिसत्त्व कोणत्याही जन्मात असत्य बोलत नाहीत. त्यांनी तिघांनाही एकच वाक्य, त्याच शब्दांत सांगितले होते: "आपण पहिले असणार नाही, महाराज, पण दुसरेही कोणी नसेल."