खुशालीचा निरोप

फार जुनी गोष्ट. इतकी जुनी, की त्या राज्याचं नावही आता कुणाला सांगता येणार नाही. तिथल्या एका गावात एक पाथरवट आणि त्याची बायको राहत. लग्नाला वर्षही झालं नव्हतं, तोच राजाने समुद्रात किल्ला बांधायला काढला. हुकूम तो हुकूम. गावातल्या इतर माणसांबरोबर पाथरवटही पाच वर्षांच्या बोलीवर गेला. किल्ल्यावर बायकामुलांना मज्जाव होता, म्हणून बायको मागे राहिली. पाटे-वरवंटे घडवायचं आणि गावातल्या झिजलेल्या जात्यांना टाकी लावायचं काम तिने अंगावर घेतलं.

दोघांमध्ये दुवा एकच, लमाणांचा तांडा. वर्षातून तीनदा तो किनाऱ्यावरून मीठ आणी आणि धान्य घेऊन परत जाई. तांड्याचा म्हातारा नाईक लोकांचे निरोप तोंडपाठ करून नेई.

परगावी गेलेल्या माणसाच्या जिवाला घोर लावू नये, अशी गावाची रीत होती. म्हणून निरोप ठरलेला असे, "मी खुशाल आहे. काळजी नसावी." दगडाखाली तिचं बोट चेचलं, तेव्हाही तिने हेच कळवलं. तिकडूनही हेच येई.

तिसऱ्या वर्षी मात्र नाईकाने वेगळा निरोप आणला. पाथरवट म्हणत होता, "तू खुशाल आहेस, बरं वाटलं. इथले कारभारी आणखी दहा वर्षं राहा म्हणतात. पाडव्याला शब्द द्यायचा आहे. तुझं काय म्हणणं?"

तिच्या मनात आलं, दहा वर्षं! म्हणजे यांना आपल्यावाचून काही अडत नाही तर. तरी ती मान खाली घालून म्हणाली, "सांगा, तुमची मर्जी. मी खुशाल आहे."

नाईक मिठाच्या गोणीवर बसला.

"पोरी, तीन वर्षं मी एकच निरोप नेतो आणि तोच घेऊन येतो. बैलालासुद्धा पाठ झाला असेल. हा काही मी नेणार नाही. खरं काही सांगायचं असेल तर सांग, नाहीतर मला बैलांना पाणी दाखवायचं आहे."

तिला राग आला. मग रडू आलं. मग ती भडाभडा बोलू लागली. "सांगा त्यांना, माझ्या डाव्या हाताचं बोट चेचलं, ते आता वाकत नाही. एकटीने जेवायला बसलं की घास उतरत नाही. आणि दहा वर्षं म्हणताना तुमची जीभ कशी रेटली, असंही विचारा. मला फार राग आलाय."

नाईकाने ते सगळं दोनदा घोकलं. एक शब्दही मऊ केला नाही.

चार महिन्यांनी उत्तर आलं. ते सांगायला नाईकाला दुपार पुरली नाही. पाथरवट तटावरून पडला होता, पाय अजून दुखत होता, भाकरी रोज करपत होती. शेवटी त्याने म्हटलं होतं, "तू माझ्यावाचून मजेत आहेस असंच मी समजत होतो. मग परत येऊन करू काय, असं वाटायचं. मी शब्द दिलेला नाही. बोटाला कोमट तेल लाव. आणि राग आला की कळवत जा."

उरलेली दोन वर्षं ती दोघं नाईकाच्या तोंडून पोटभर भांडली, रुसली, समजूत काढत राहिली. मिठापेक्षा यांचंच ओझं जास्त, अशी नाईक कुरकुर करी, पण नेई.

पाच वर्षं भरली आणि गावची माणसं परत आली. बहुतेक जण आपापल्या ओसरीवर पाहुण्यासारखे बसून राहिले. घरच्यांशी काय बोलावं, हेच त्यांना सुचेना. पाथरवट दारात आला, तेव्हा त्याची बायको म्हणाली, "हातपाय धुऊन घ्या. मागच्या निरोपातलं आपलं भांडण अजून मिटलेलं नाही."

तात्पर्य: दूरच्या माणसाला सुखाबरोबर आपलं दुखणंही कळवावं, म्हणजे अंतर फक्त वाटेचं राहतं.