चाखणारीचा उष्टा घास

ऐका तर मग, लहानांनो आणि लहानांना मांडीवर घेऊन बसलेल्या मोठ्यांनो! गोष्ट फार फार जुनी आहे. तेव्हा डोंगर आजच्याहून उंच होते, आणि राजांची पोटं आजच्याहून मोठी होती.

अशाच एका डोंगराच्या पायथ्याशी एक खवय्या राजा राज्य करत होता. लढाईचं नाव काढलं की त्याला जांभई यायची, पण कुणी म्हणालं, "महाराज, पलीकडच्या रानात एक फळ मिळतं, अजून कुणी खाल्लेलं नाही," की तो ताडकन उठून बसायचा. दवंडी पिटली जायची, माणसं रानात धावायची आणि तिसऱ्या दिवशी ते फळ राजवाड्याच्या स्वयंपाकघरात हजर व्हायचं.

आता राजाच्या पोटात काही वाईटसाईट जाऊ नये म्हणून त्या राज्यात एक रीत होती. राजाच्या आधी प्रत्येक पदार्थाचा एक घास चाखणारी खायची. मग पाण्याने भरलेल्या घंगाळात बुडाला बारीक भोक असलेली तांब्याची वाटी सोडायचे. वाटीत हळूहळू पाणी भरायचं आणि ती बुडायची. वाटी बुडाली आणि चाखणारी उभीच असली, की राजाने जेवायचं. चाखणारी आडवी झाली, तर ताट परत जायचं.

हिरवं लुगडं, नाकापर्यंत ओढलेला पदर, खाली घातलेली मान. राजा लहानाचा मोठा झाला तो तिला बघतच. त्याला वाटायचं, बाई मोठी चिवट आहे! त्या हिरव्या लुगड्यात आजवर पाच बायका बदलल्या होत्या आणि आताची सहावी होती, हे त्याच्या गावीही नव्हतं.

एक दिवस राजाला नवी खबर मिळाली. डोंगराच्या माथ्यावर गुलाबी टोपीची अळंबी उगवली होती. राजा आनंदाने खुर्चीतच उड्या मारू लागला. "परवा मेजवानी! गुलाबी अळंबीची मेजवानी! पिटा दवंडी!" दवंडी पिटली गेली आणि ती आता मागे घेता येणार नव्हती. राजाचा शब्द एकदा दवंडीवर चढला की खुद्द राजालाही तो मोडता येऊ नये, असा कायदा याच राजाने मोठ्या तोऱ्यात केला होता.

त्या दिवशी जेवायला थालीपीठ होतं. तव्यावरून नुकतंच उतरलेलं, खरपूस, वर लोण्याचा गोळा विरघळतोय. चाखणारीने एक तुकडा मोडला, अर्धा खाल्ला आणि उरलेला अर्धा हातात धरून उभी राहिली. वाटी घंगाळात तरंगत होती. थालीपिठाचा वास राजाच्या नाकात शिरला आणि त्याच्याने राहवेना. त्याने जन्मात कधी गरम घास खाल्ला नव्हता. वाटी बुडेपर्यंत सगळं गार होऊन जायचं!

राजाने इकडे पाहिलं, तिकडे पाहिलं आणि झडप घालून चाखणारीच्या हातातला उष्टा घास आपल्या तोंडात टाकला.

धाडकन काहीतरी झालं! राजाला वाटलं, कुणीतरी आपल्याला कानाला धरून उचललं आणि दुसरीकडे नेऊन आपटलं. डोळे उघडतो तर समोर सिंहासनावर तो स्वतःच बसलेला, तोंड वासून! आणि स्वतःकडे पाहतो तर हिरवं लुगडं, हातात काकणं, पायात जोडवी.

"अगं बया!" सिंहासनावरचा राजा किंचाळला.

"हा काय फाजीलपणा आहे?" चाखणारी दरबारी आवाजात गरजली.

आता गोंधळ नको म्हणून आधीच सांगून ठेवतो. यापुढे मी राजा म्हणेन तो आतला राजा, मग अंगावर लुगडं का असेना. आणि चाखणारी म्हणेन ती आतली चाखणारी, मग तिला मिशा का असेनात.

वाड्याचा म्हातारा आचारी तेवढा सगळं समजून चुकला. त्याने दोघांना चुलीमागे नेलं आणि तिथल्या दगडावर कोरलेली ओळ दाखवली. एका घासाचे दोन वाटेकरी झाले की जागा बदलतात, असं तिथे लिहिलं होतं. "आम्हाला वाटायचं, हे सोवळ्याओवळ्याचं असेल," आचारी डोकं खाजवत म्हणाला. "पुढची ओळ वाचा. हिसकावल्याने झालेली अदलाबदल दिल्यानेच फिटते. पण घास देणाऱ्याच्या मनात स्वतःसाठी काही नसावं."

"एवढंच ना?" राजा हसला. "आत्ता देतो!"

आणि सुरू झाली की हो धमाल! दिवसभर जे वाढलं जाईल त्याचा उष्टा घास घेऊन, हिरव्या लुगड्यातला राजा सिंहासनाकडे धावत सुटायचा. "घ्या महाराज! खा महाराज! आ करा!" लाडू, भात, वांग्याचं भरीत, सगळं भरवून झालं. दरबारी तोंडाला उपरणं लावून खुसखुसत होते. प्रधानजी लाजेने लाल झाले होते. पण जागा काही बदलेनात, कारण प्रत्येक घास भरवताना राजाच्या मनात एकच विचार असायचा, "माझं शरीर मला मिळू दे!"

चाखणारीने मात्र सिंहासनावर बसताच पहिलं काम केलं ते मेजवानी रद्द करण्याचं. "ती अळंबी नगं," ती म्हणाली. प्रधानजींनी नम्रपणे कायद्याचा ताम्रपट पुढे धरला. "महाराज, आपलाच शब्द. मोडता येत नाही. आणि नियमही आपलाच, चाखणारी डगमगली तर तिच्या घरातली पुढची बाई उभी करायची."

चाखणारीचा चेहरा उतरला. तिच्या घरातली पुढची म्हणजे तिची दहा वर्षांची लेक होती.

मग राजाचं ताट आलं. चाखणारीला वाटलं, चला, निदान राजाचं जेवण तरी कसं असतं ते कळेल! पण वाटी बुडाल्यावर पहिला घास घेतला आणि तिचे डोळे भरून आले. लोणी थिजलेलं, भात टणक, आमटीवर साय धरलेली.

"असलं गार अन्न?" ती पुटपुटली. "ह्याच्यापायी गेल्या माझ्या घरच्या बाया?"

संध्याकाळी हिरव्या लुगड्यातल्या राजाला वाड्याबाहेर काढलं गेलं, कारण चाखणारीने वाड्यात झोपायचं नसतं. विचारत विचारत तो गावाच्या टोकाला तिच्या घरी पोहोचला. दारात एक आंधळी म्हातारी बसली होती. ती चाखणारीची आत्या.

"आलीस व्हय गं? आज पाय असं काय टाकतीयास, दरबारात चालल्यागत?" आत्या म्हणाली. "हात धू. भाकरी गरम हाय."

गरम! राजाने भाकरीचा तुकडा तोंडात घातला, जीभ भाजली, डोळ्यांतून पाणी आलं आणि तो खुळ्यासारखा हसत सुटला. चाखणारीची लेक, हीच ती दहा वर्षांची पोर, आईकडे बघून हसू लागली. राजाने एकामागून एक चार भाकऱ्या खाल्ल्या. जन्मात त्याला एवढी मजा आली नव्हती!

मग त्याची नजर फळीवर गेली. फळीवर पितळेच्या पाच वाट्या उपड्या ठेवल्या होत्या.

"आत्या, या वाट्या उपड्या का?"

"आज अशी काय विसरभोळी झालीस?" आत्याने हाताने चाचपत एकेक वाटी दाखवली. "ही म्हाळसाची, माझ्या आईची. ती कडू काकडीनं गेली. ही माझी. मी जगले, पण डोळं गेलं, त्या निळ्या बोरांनी. ही गोदूची, नदीपल्याडच्या माशानं गेली. ही सगुणाची, तिची जीभच मेली, आता तिला मिठाचीबी चव कळत न्हाई. आन ही तुझ्या थोरल्या बहिणीची, ठकूची. पिवळ्या अळंबीनं गेली. आता राजाला गुलाबी पायजे म्हनं."

राजाच्या तोंडातला घास तोंडातच राहिला. कडू काकडी, निळी बोरं, तो मासा, ती पिवळी अळंबी, त्याला सगळं आठवत होतं! पण काय आठवत होतं? एवढंच की त्या दिवशी ताट परत गेलं आणि जेवायला उशीर झाला. चिडून त्याने उशी फेकली होती. लाज वाटून त्याने तोंडावर पदर ओढून घेतला.

"आये," लेक त्याला बिलगली, "परवा तू येशील ना घरी?"

राजाने तिला जवळ ओढून घेतलं.

मेजवानीचा दिवस उजाडला! चौघडा वाजला, तोरणं लागली, गावोगावचे पाहुणे मांडवात दाटीवाटीने बसले. चांदीच्या पातेल्यातून गुलाबी अळंबीचा रस्सा आला. वास तर असा की पाहुण्यांच्या तोंडाला पाणी सुटलं.

हिरव्या लुगड्यातला राजा पुढे झाला. त्याने अळंबीची फोड उचलली. हात लटपटला आणि फोड खाली पडली. दुसरी उचलली, तीही पडली.

"ही डगमगली!" प्रधानजी ओरडले. "पुढची आणा!"

आणि मांडवाच्या दारातून ती आली. दहा वर्षांची पोर, अंगावर हिरवं लुगडं. ते तिला इतकं मोठं होत होतं की निऱ्या दोन्ही हातांनी उचलून ती चालत होती. सिंहासनावर चाखणारी अर्धवट उठली.

राजाला आता फक्त बाजूला व्हायचं होतं. बाजूला झाला असता तर तो वाचला असता. कुणी त्याला दोष दिला नसता, नियमच तसा होता. पोर त्याच्याजवळ आली आणि हळूच म्हणाली, "आये, तू बस. मी खाते."

"मागं हो, पोरी!" राजा एवढ्या जोरात ओरडला की चौघडा थांबला. त्याने पोरीला आपल्या पाठीशी ढकललं, पातेल्यात हात घालून फोड उचलली आणि तोंडाकडे नेली. हात या वेळी लटपटला नाही.

चाखणारी हे सिंहासनावरून पाहत होती. खोटं कशाला सांगू, क्षणभर तिच्या मनात आलंच. याने फोड खाल्ली आणि हा गेला, तर सिंहासन आपलं. आपली पोर राजकन्या. पाच वाट्यांचा बदलाही पुरा होईल. पण तिच्या पोरीसाठी मरायला उभा राहिलेला तो माणूस तिला दिसला, आणि दुसऱ्या क्षणी तिने मुकुट सांभाळत सिंहासनावरून उडी घेतली! पाहुण्यांची ताटं ओलांडत ती धावली आणि राजाच्या हातावर असा फटका मारला की फोड उडून मांडवाच्या खांबापाशी जाऊन पडली.

"महाराज!" प्रधानजी किंचाळले. "आपण शब्द मोडलात!"

"मोडला," चाखणारी म्हणाली. "म्होरं बोला."

राजा थरथरत उभा होता, घामाने भिजलेला. चाखणारीला त्याची दया आली. तिने शेजारच्या पंक्तीतल्या ताटातून गरम भाकरीचा तुकडा मोडला आणि त्याच्या तोंडाशी धरला. "खा बाबा आधी. कसा थरथरतुयास!" राजाने अर्धा तुकडा खाल्ला. उरलेला अर्धा तिने सहज स्वतःच्या तोंडात टाकला. आयांना असतेच ती सवय.

धाडकन! मुकुट राजाच्या डोक्यावर होता आणि लुगडं चाखणारीच्या अंगावर. पोर आईच्या गळ्यात पडली होती.

मांडवात कुणालाच काही कळलं नाही. प्रधानजी तर अजून कुरकुरत होते, "इतकी छान अळंबी वाया गेली."

"वाटी सोडा पाण्यात," राजा म्हणाला.

घंगाळात वाटी सोडली गेली. खांबापाशी पडलेल्या फोडीवर माशा येऊन बसल्या होत्या. सगळा मांडव श्वास रोखून बघत होता. वाटीत पाणी चढत होतं, चढत होतं आणि वाटी बुडाली. फोडीवरची एकही माशी उडाली नाही. साऱ्या उताण्या पडल्या होत्या.

पातेलं खोल खड्ड्यात पुरलं गेलं. राजाने ताम्रपट मागवला, स्वतःच्या हाताने विस्तवात टाकला आणि चाखणारीकडे वळला. आयुष्यात पहिल्यांदाच त्याने तिचा चेहरा पाहिला.

"तुझं नाव काय?" त्याने विचारलं.

"भिवरा," ती म्हणाली.

त्या दिवसापासून त्या राज्यात चाखणारी उरली नाही. भिवरा राजाच्या स्वयंपाकघराची मालकीण झाली आणि राजा चुलीजवळच पाट मांडून बसू लागला. कधी रानातल्या अनोळखी फळाची खबर आली की भिवरा एवढंच म्हणायची, "आणा की! पहिला घास महाराज घेतील." मग राजा घाईघाईने म्हणायचा, "नको, नको, थालीपीठच कर!" आणि त्याच्या पाटासमोर पाच पितळेच्या वाट्या सुलट मांडलेल्या असायच्या. दोन वाट्यांच्या मालकिणी, आंधळी आत्या आणि जीभ मेलेली सगुणा, शेजारीच जेवायला बसायच्या. उरलेल्या तीन वाट्यांत राजा रोज स्वतःच्या हाताने पहिलं वाढायचा, म्हाळसा, गोदू आणि ठकू अशी नावं घेऊन. मगच तो स्वतः जेवायचा, आणि तेही गरम गरम!

बोध: आपली हौस दुसऱ्याच्या जिवावर भागवण्याआधी त्याच्या जागी उभं राहून पाहावं, आणि धोक्याचा पहिला घास आपणच घ्यावा.