धुरपा भोईणीची घागर

फार वर्षांपूर्वीची गोष्ट आहे, तरवडी नदीच्या पाण्याला चव होती तेव्हाची. हसू नका. पाण्याला चव असते, आणि ती सांगणारी बाई आमच्या निंबडोहात होती. तिचं नाव धुरपा भोईण. नवरा गेल्यावर तीच नाव वल्हवायची, अलीकडची माणसं पलीकडे पोचवायची.

रोज तांबडं फुटलं की धुरपा घाटाच्या शेवटच्या पायरीवर उतरायची, एक ओंजळ प्यायची आणि हाक द्यायची, "पानी ग्वाड हाय गंऽऽ!" ती हाक आल्याशिवाय गावातली एकही घागर पाण्यात बुडत नसे. असं म्हणतात, की एका ओंजळीवरून ती सांगायची, वर कुठल्या डोंगरावर पाऊस झाला आणि कुठल्या गावानं आज धुणी धुतली. असंही म्हणतात, की तिची हाक ऐकून मळ्या मासे पायरीशी गोळा व्हायचे. मी पाहिलेलं नाही. माझ्या पणजीनं पाहिलं होतं, आणि पणजी खोटं बोलायची ती फक्त स्वतःच्या वयाबद्दल.

आमच्याकडे एक रीत होती. आषाढात नदीला तांबडं पाणी आलं की नदी बाहेरची झाली, असं म्हणायचं. घरातली बाई बाहेरची बसते, तशीच नदी. चार दिवस तिला कुणी शिवायचं नाही. देवळामागच्या आडाचं मचूळ पाणी कसंबसं पुरवायचं. पाचव्या दिवशी धुरपानं नदीची ओटी भरायची, पाणी चाखायचं आणि हाक द्यायची. मग सगळा गाव घागरी घेऊन धावायचा.

एका वर्षी मात्र माघात पाणी तांबडं झालं. आभाळात ढगाचा ठिपका नव्हता. पौर्णिमा झाली आणि दुसऱ्या दिवशी सकाळी बघतात तो काय, काठापासून काठापर्यंत नदी लालभडक. मातीचा लाल नव्हे, कुंकवाचा लाल. गाव घाबरून धुरपाकडे आला.

धुरपानं पाण्याकडे बघितलं आणि हसली. "बाईचं अंग हाय," ती म्हणाली, "मागंम्होरं व्हायचंच. बसू द्या तिला चार दिस."

गाव निर्धास्त झाला. बायकांनी तर कौतुकानं काठावर हळद वाहिली. वरच्या अंगाला, तीन दिवसांच्या वाटेवर, कुणी कापड रंगवायचा कारखाना काढला होता, हे आमच्यापैकी कुणाच्याही कानावर नव्हतं.

चार दिवसांत लाली वाहून गेली. पाचव्या दिवशी पाणी आरशासारखं दिसत होतं. धुरपानं ओटी भरली, ओंजळ तोंडाला लावली, आणि तिच्या जिभेच्या शेंड्याला काहीतरी कडू लागलं. अगदी इवलंसं. मागे सगळा गाव उभा होता, आडाच्या पाण्याला कंटाळलेला. तिला वाटलं, पाणी कसं कडू असेल? आपली जीभच म्हातारी झाली. तिनं हाक दिली, "पानी ग्वाड हाय गंऽऽ!" आणि दुसरी ओंजळ तिनं आपल्या नातीला, कुशीला, पाजली.

पुढचं सांगायला मला आवडत नाही, पण सांगायला हवं. रंग गेला होता, रंगाबरोबरचं विष बिनरंगाचं येतच होतं. आधी मासे पोटं वर करून तरंगले. ते खाऊन बगळे लुळे पडले. गाभण म्हशी गाभडल्या. मग घराघरात पोरं ओकू लागली. सात पोरं गेली. सगळ्यांत आधी कुशी गेली. गावानं धुरपाला एक शब्दही विचारला नाही, आणि तेच तिला सोसलं नाही.

ती काठाकाठानं वर चालत निघाली. दर कोसाला ओंजळ चाखत गेली, आणि दर कोसाला कडूपणा वाढत गेला. तिसऱ्या दिवशी ती त्या कारखान्याच्या मोरीपाशी पोचली. तिथं मुकादम उभा होता.

"ह्ये पानी सोडू नगासा, दादा. खाली पोरं मरत्यात."

"म्हातारे, नदी केवढी आणि आमची मोरी केवढी! पाणीच आहे ते. जरा रंग आहे, एवढंच."

धुरपानं मोरीखाली ओंजळ धरली आणि त्याच्यापुढे केली. "मग पी."

मुकादम दोन पावलं मागे सरला. तेव्हा ती ओंजळ ती स्वतः प्यायली. असं म्हणतात, की त्या क्षणी तिची जीभ कोळशासारखी काळी पडली, आणि मोरीतलं पाणी सात घटका उलटं कारखान्यात शिरलं. शिरलं असेल. पण पुन्हा वाहायला लागलं, हेही खरं.

परत आल्यावर धुरपानं कधी हाक दिली नाही. "माजी जीभ खोटी झाली," ती म्हणायची. "मला न्हाई, आता माशाला इचारा." आड गावाला पुरत नव्हता, नदीचं पाणी तर प्यावंच लागणार होतं. मग ती रोज पहिली घागर भरायची आणि त्यात एक जिवंत मळ्या सोडायची. ऊन घाटावरच्या चिंचेच्या शेंड्यावर येईपर्यंत वाट बघायची. मासा पोहत राहिला तर गावानं पाणी भरायचं, उलटा झाला तर रिकामी घागर घेऊन घरी जायचं. असं तिनं नऊ वर्षं केलं. त्या नऊ वर्षांत गावातलं एकही पोर पाण्यानं गेलं नाही.

ती गेली तेव्हा गावानं तिला तिच्याच नावेतून पैलतीरी नेलं. असं म्हणतात, की दोन्ही काठांना मासे रांग धरून उभे होते, आणि पुढचे चार दिवस तरवडी तळ दिसेल इतकी नितळ वाहिली. नदीनं तिच्यासाठी चार दिवस पाळले.

तो कारखाना कधीच मोडला. त्याच्या जागी दहा नवे आले. आता आम्ही नळाचं पितो, नळ रुसला की जारचं आणतो. पण माघ वद्य पंचमीला बायका अजून घाटावर जमतात, धुरपाच्या नावानं एक घागर भरतात आणि तिच्यात मासा सोडतात. तरवडीत मासा उरलेला नाही, म्हणून तो धरणावरून पिशवीत आणावा लागतो. मग सगळ्याजणी पायऱ्यांवर बसून चिंचेच्या शेंड्याकडे बघत राहतात.

माझ्या आठवणीत ऊन शेंड्यावर येईपर्यंत मासा कधी टिकलेला नाही. तो उलटा झाला की बायकांतली सगळ्यांत म्हातारी उठते, लुगड्याला हात पुसते आणि म्हणते, "चला गं घरी. नदी अजून बाहेरचीच हाय."