फळा पुसायचं फडकं

एकदा एक कायद्याचे प्राध्यापक राज्याचे मंत्री झाले. वीस वर्षं फळ्यापुढे उभं राहून त्यांनी कायदा शिकवला होता. आता कायदा करण्याचीच वेळ आली. गावाने सत्कार ठेवला. शाली आल्या, श्रीफळं आली, कमरेएवढे हार आले. शेवटी त्यांना कायदा शिकवलेले वृद्ध गुरुजी काठी टेकत व्यासपीठावर चढले आणि त्यांनी पिशवीतून काढून मंत्र्यांच्या हाती ठेवलं काय, तर फळा पुसायचं जुनं फडकं! खडूची पांढरी भुकटी नव्या काळ्या कोटावर सांडली. मंत्र्यांनी ती घाईघाईने झटकली.

"वय झालं हो बाबांचं," सचिव कानाशी कुजबुजले. मंत्री कसंनुसं हसले. घरी आल्यावर फडकं टेबलाच्या खणात गेलं.

पुढे त्यांनी तलावांचा कायदा केला. तोवर ठेकेदार मासेमारीसाठी तळीच्या तळी बळकावून बसत. मंत्र्यांनी स्वतः कलम लिहिलं: भोई संस्थेच्या नोंदवहीत ज्याचं नाव, त्यालाच जाळं टाकण्याचा हक्क. सभागृहाने बाकं वाजवली.

चार महिन्यांनी गिरजा नावाची भोईण त्यांच्या दारी आली. नवरा वारल्यापासून दहा वर्षं तिने स्वतः जाळं टाकून दोन मुली वाढवल्या होत्या.

"साहेब, वहीत नाव धन्याचं, आणि धनी तर गेला. आता शिपाई म्हणतो, जाळं उचल. आमच्या एका तळ्यावर मला धरून अशा अकरा जणी आहेत. मासा काय वही बघून जाळ्यात येतो का?"

कलम लिहिताना मंत्र्यांना या बायका दिसल्याच नव्हत्या.

सचिवांनी लगेच तोड काढली. "बाईंना खास परवानगी देऊन टाकू, साहेब. गाजावाजा नको. सभागृहात चूक कबूल केलीत तर विरोधक सोडणार नाहीत. खुर्ची जाईल."

"अन् बाकीच्या दहा जणी?" गिरजाने विचारलं. सचिव खिडकीबाहेर बघू लागले.

त्याच संध्याकाळी मंत्री गुरुजींकडे गेले. गुरुजी ओटीवर शेंगा सोलत होते. सगळं ऐकून त्यांनी एवढंच विचारलं, "फडकं कुठे आहे?"

"खणात, गुरुजी."

"खणात! ते काय जपून ठेवायला दिलं होतं?" गुरुजींनी सूप बाजूला सारलं. "तू विद्यार्थी असताना मी एकदा फळ्यावर कलम चुकीचं लिहिलं होतं. हात वर केला होतास तूच. तेव्हा मी शिपायाला हाक मारली नाही, की तास संपायची वाट पाहिली नाही. सर्वांच्या देखत माझ्या हाताने पुसलं आणि बरोबर लिहिलं. माझी चूक चाळीस वह्यांत उतरली होती. तुझी राज्याच्या तळ्यातळ्यावर उतरली आहे. एकीला गुपचूप परवानगी दिलीस, तरी फळ्यावर चूक तशीच राहील. जिथे सर्वांसमक्ष लिहिलंस, तिथेच सर्वांसमक्ष पूस."

"आणि खुर्ची गेली तर?"

"फळा आहेच की. तो कुठे पळून गेलाय?"

मंत्री हसले. गुरुजींच्या पाया पडून उठले, तेव्हा त्यांचा निश्चय झाला होता.

अधिवेशनाच्या पहिल्याच दिवशी ते उभे राहिले. "तलावांच्या कायद्यातली चूक माझी आहे. अधिकाऱ्यांची नाही, संस्थेची नाही. माझी." एकच गदारोळ उठला. 'राजीनामा द्या' म्हणून बाकं दणाणली. मंत्री हलले नाहीत. दंगा करणाऱ्या वर्गापुढे उभे राहत, तसे हात बांधून गप्प उभे राहिले. आवाज बसला, तसं त्यांनी नवं कलम वाचायला घेतलं: तळ्यावर जो राबतो, मग तो पुरुष असो वा स्त्री, त्याचं नाव वहीत चढलंच पाहिजे.

संध्याकाळपर्यंत दुरुस्ती मंजूर झाली. खुर्चीचं काय होणार, ते अजून कोणालाच ठाऊक नव्हतं. वर प्रेक्षकांच्या सज्जात अकरा जणी उठून उभ्या राहिल्या होत्या.

घाम टिपायला मंत्र्यांनी खिशात हात घातला, तर हाती आलं ते सकाळी खणातून घेतलेलं फडकं. काळ्या कोटावर पुन्हा पांढरी भुकटी सांडली.

या वेळी त्यांनी ती झटकली नाही.