न पोचलेले भोपळे

फार जुनी गोष्ट आहे. इतकी जुनी, की त्या नदीचं नावही आज कोणाला आठवत नाही. नदीच्या वरच्या अंगाला एक गाव होतं, खालच्या अंगाला दुसरं, आणि मधे दोन दिवस चालावं लागेल एवढी घळ. वाट काट्याकुट्यांची आणि सोबत फक्त माकडांची. त्यामुळे त्या वाटेला सहसा कोणी जात नसे.

वरच्या गावात दोन बहिणी वाढल्या. आईबाप गेल्यावर थोरली नवऱ्यासह माहेरच्याच घरात राहिली. धाकटीला खालच्या गावी दिलं; वरच्या गावची लेक तिथे ती एकटीच.

त्या मुलखात माहेरचं बोलावणं नदीतून यायचं. कापणी झाली की वाळका भोपळा पोखरायचा, आत मूठभर तीळ घालायचे, तोंड मेणाने बंद करायचं, तापल्या सळईने वर आपल्या घरची खूण उमटवायची आणि पौर्णिमेच्या सकाळी तो पाण्यात सोडायचा. भोपळा मिळाला की लेकीने आठ दिवस माहेरी जायचं. बोलावणं नसेल तर जायचं नाही. ही रीत कोणी घातली ते मला विचारू नका. अशा दोन-चार रीती तुमच्याही घरात असतील.

पाच वर्षं भोपळा आला आणि पाच वर्षं धाकटी गेली. थोरली तिला न्हाऊ घाली, तिचे केस विंचरी आणि तव्यावरची पहिली भाकरी तिच्या पानात वाढी.

सहाव्या वर्षी पावसाळ्यात मोठा पूर आला. त्या कापणीला भोपळा आलाच नाही.

धाकटी तीन दिवस घाटावर उभी राहिली. चौथ्या दिवशी घरी परतली आणि मनाशी म्हणाली, "ताईला माझी आठवण असती तर भोपळा आला असता. भोपळा आला नाही. म्हणजे ताई मला विसरली."

कसं चोख वाटतं, नाही? परीक्षेत विचारलं असतं तर तुम्हीआम्हीही त्यापुढे बरोबरची खूण करून मोकळे झालो असतो.

पुढच्या वर्षीही भोपळा आला नाही. त्याच्या पुढच्या वर्षीही नाही. नवरा म्हणाला, "एकदा जाऊन तरी ये." ती म्हणाली, "न बोलावता? माझं माहेर संपलं." असं म्हणायची, आणि तव्यावर पहिली भाकरी फुगली की तिचे डोळे भरून यायचे. माहेराची ओढ काही तिचं ऐकत नव्हती. कापणीनंतरच्या पौर्णिमेला ती घागर घेऊन घाटावर जायची आणि वरच्या वळणाकडे बघत ती घासत बसायची.

अशा सहा कापण्या गेल्या. सहाव्या पौर्णिमेला घाटावरची म्हातारी परटीण तिच्याजवळ येऊन बसली.

"काय गं पोरी, दरसाल ह्याच दिवशी ही घागर घासतीस. भोक पाडशील तिला."

धाकटीला रडू कोसळलं. तिने सगळं सांगितलं. परटिणीने ऐकून घेतलं आणि विचारलं, "गेल्या साली पाटलाचं धोतर माझ्या हातनं निसटलं. खालच्या उताराला कुणालाच घावलं न्हाई. मग ते नदीत गेलंच न्हाई, असं म्हनायचं का?"

"तसं कसं म्हणता येईल, आजी? कुठेतरी अडकलं असेल."

"मग भोपळ्याला येगळा न्याय का? भोपळा आला म्हंजी ताईनं आठवन काढली, हे खरं. पर आठवन काढली म्हंजी भोपळा पोचतोच, हे तुला कुनी सांगितलं? तू उलटं धरून बसलीस. मधी अख्खी नदी हाय की."

धाकटीने घागर उचलली आणि घर गाठलं. दुसऱ्या दिवशी सकाळी भाकरी बांधून ती निघाली. बोलावणं नव्हतं, तरी निघाली.

घळीच्या मधल्या वळणावर पुरात उन्मळलेला एक उंबर आडवा पडला होता. त्याच्या मुळ्यांत, लव्हाळ्याच्या जाळीत, भोपळे अडकले होते. सहा. प्रत्येकावर माहेरच्या घराची खूण.

ती कमरेएवढ्या पाण्यात उतरली आणि एकेक फोडत गेली. पहिल्यात तीळ निघाले. दुसऱ्यात तिळांबरोबर तान्ह्या बाळाच्या मनगट्या होत्या. शेवटच्यात कापडाचा तुकडा होता आणि त्यावर हळदीने उमटवलेला इवलासा पंजा. ती तिथेच उंबराला टेकून रडली.

दुसऱ्या दिवशी दुपारी ती माहेरच्या दाराशी पोचली. उंबऱ्यावर पाच वर्षांची एक मुलगी चिंचोके खेळत होती.

"कोण तुम्ही?" मुलीने विचारलं.

"मी तुझी मावशी."

मुलीने मान हलवली. "मला मावशी नाही. आई दरवर्षी तिला बोलावते. मावशी असती तर आली असती. आली नाही, म्हणजे मला मावशी नाहीच."

धाकटी तिच्याशेजारी उंबऱ्यावर बसली. इतकी वर्षं मनात जपलेला आपलाच तर्क त्या पोरीच्या तोंडून ऐकताना तिला काय वाटलं असेल, ते मला सांगता येत नाही.

आवाज ऐकून थोरली बाहेर आली. तिचे केस पिकले होते. "मला वाटलं, तू रागावलीस," ती म्हणाली. "मला वाटलं, तू विसरलीस," धाकटी म्हणाली आणि तिने पदरातला हळदीचा पंजा तिच्यापुढे धरला.

त्या आठ दिवसांत वरच्या गावाने उंबर तोडून नदी मोकळी केली. पुढे भोपळा येवो न येवो, धाकटी दर कापणीला माहेरी जात राहिली. पण भाचीचं रांगणं, तिचं पहिलं पाऊल, तिचे बोबडे बोल मावशीला कधीच बघायला-ऐकायला मिळाले नाहीत. ती कधी कधी ताईला म्हणे, "सांग ना, कशी चालायची ही?" ताई सांगे, आणि धाकटी डोळे मिटून ऐके.

तात्पर्य: जेवढं खरोखर ठाऊक आहे तेवढ्यावरूनच निष्कर्ष काढावा, आणि जे आलं नाही ते का आलं नाही हे आधी जाऊन पाहावं.