कोहाढाण्याचे बिनचेहऱ्याचे मुंडे

या मोहाच्या झाडाखाली उभे आहेत ते आमच्या कोहाढाण्याचे मुंडे. माणूस गेलं की सागाच्या लाकडात त्याचं रूप कोरायचं, वर चंद्र-सूर्य काढायचे आणि सगळं गाव जमवून, हळद-तेल लावून मुंडा इथं रोवायचा, ही आम्हा कोरकूंची जुनी रीत. तो तिथंच कुजून मातीत मिसळला की गेलेलं माणूस आपल्या पितरांत पोचतं, असं मानतात. मेळघाटात आणखीही गावांत तुम्हाला असे मुंडे दिसतील. पण इथले जरा जवळ जाऊन पाहा. वर कोरलेल्या घोड्याला डोळे आहेत, मोराला डोळे आहेत. माणसाला चेहरा नाही. तेवढ्या जागी लाकूड सपाट सोडलेलं आहे. पाहुणे विचारतात, काम अर्धवट राहिलं का? नाही. भोजूनं तसं घालून दिलं आहे.

भोजू कास्देकर म्हणजे माझ्या आजोबांचा थोरला भाऊ. मी शिवलाल. मी त्याला पाहिलेलं नाही, घरात सांगतात ते सांगतो. पंचक्रोशीत मुंडा करावा तर भोजूनं, असं होतं म्हणे. तो कोरायचा तेव्हा गेलेल्या माणसाचे घरचे लोक बाजूला बसून रडायचे, कारण लाकडातून त्यांचंच माणूस वर यायचं. त्याला एकच मुलगी होती, सुगनी. सोळाव्या वर्षी तापानं तीन दिवसांत गेली. भोजूनं स्वतःच्या हातानं तिचा मुंडा केला. नाचताना ती मान किंचित डावीकडे कलती ठेवायची, तशीच ठेवली. हसताना तिचा वरचा ओठ एका बाजूला उचलला जायचा, तोही तसाच. तिची आई समोती रोज सकाळी इथं यायची, मुंड्यावर हात फिरवायची आणि मग रानात कामाला जायची.

दोन वर्षांनी शहरातल्या एका मोठ्या संग्रहालयाचे साहेब गाडी घेऊन आले. सगळे मुंडे पाहत फिरले आणि सुगनीच्या मुंड्यापाशी थांबले. पाटलाला म्हणाले, प्रदर्शन आहे, महिनाभरात परत आणून देतो. त्या दिवशी भोजू आणि समोती दोघंही डोंगरापलीकडच्या गावी गेली होती. पाटलानं कागदावर अंगठा दिला. दोघं परत आली तेव्हा इथं खड्डा होता.

महिना गेला. अकरा वर्षं गेली. समोतीनं तो खड्डा बुजू दिला नाही. पावसात माती आत आली की उपसून काढायची. म्हणायची, "पोर वाटेवर उभी आहे. तिकडे पोचली नाही आणि इकडेही नाही."

मग एक दिवस संग्रहालयातून माणूस आला. मुंड्याला भुंगा लागला होता, लाकडाची भुकटी पडत होती. ज्यानं घडवला त्यानंच येऊन दुरुस्त करावा, असा निरोप होता. भोजूला वाटलं, दुरुस्त करून आता घरी पाठवणार. समोतीनं त्याच्या फडक्यात हळदीची पुडी बांधून दिली. "निघताना तिला लाव," म्हणाली. "उघडी आणू नको."

तिथं काचेच्या दालनात सुगनी उभी होती. भोजूनं आधी चेहरा पाहिला. मग खाली पाहिलं. जमिनीत जातो तो हातभर भाग करवतीनं कापून टाकला होता. लोखंडी बैठकीवर बसत नव्हता म्हणून.

"आता हिला रोवू कशी?" त्यानं साहेबांना विचारलं.

साहेब माणूस वाईट नव्हता म्हणतात. त्यानं भोजूला खुर्ची दिली, पाणी दिलं. मग सांगितलं, "बाबा, हा मुंडा आता संग्रहालयाचा झाला. तुमच्या गावात उन्हापावसात कधीच कुजून गेला असता. इथं हजारो लोक पाहतात."

"कुजायलाच असतो तो, साहेब," भोजू म्हणाला. "तो मातीत गेला म्हणजे ती गेली."

भोजू परत फिरला असता. पण भुंगा लेकीच्या हाताला लागला होता, तो तसाच सोडून त्याला निघवेना. तो कामाला बसला. लोकांना बघता यावं म्हणून त्याला दालनाच्या मधोमध बसवलं होतं. त्यानं पोखरलेला भाग काढला, भोकांत औषध घातलं, नवं सागवान जोडलं. बांगड्या पुन्हा उठवल्या, लुगड्याची किनार उठवली. लोक भोवती उभे राहायचे, फोटो काढायचे.

शेवटच्या दिवशी एक बाई थांबली. म्हणाली, "किती गोड चेहरा आहे. कुणाचा असेल हो?"

साहेब शेजारीच होते. ते म्हणाले, "कुणाचा असा नसतो. यांची कोरायची एक पद्धत असते."

बाई पुढच्या दालनात गेली. साहेब तिच्याबरोबर गेले. तेव्हा त्यानं धारेची रुंद पटाशी घेतली, हळदीची पुडी सोडली, हळद लेकीच्या कपाळाला लावली आणि पटाशी तिथंच टेकवली. कपाळ तासून काढलं. डोळे काढले. एका बाजूला उचललेला तो ओठ काढला. लाकडावर कुठं ओरखडा नाही. सगळ्या ढलप्या त्यानं फडक्यात गोळा केल्या.

साहेब परत आले आणि जागच्या जागी उभे राहिले. म्हणाले, "हे काय केलंत तुम्ही?"

"कुणाचा नव्हता म्हणालात," भोजू म्हणाला. फडकं खांद्यावर टाकून तो निघाला.

गावात आल्यावर त्यानं फडकं समोतीपुढे सोडलं. तिनं ढलप्या एक-एक उचलून पाहिल्या. मग विचारलं, "यातला डोळा कोणता?"

भोजूला सांगता आलं नाही. लाकूड सगळं सारखंच दिसत होतं.

दोघांनी त्या ढलप्या खड्ड्यात घातल्या आणि माती लोटली. पण समोतीची खात्री पटली नाही. मरेपर्यंत ती विचारायची, "पोचली असेल का?" आणि भोजू उठून बाहेर जायचा. त्यानंतरही तो मुंडे करत राहिला, कारण माणसं मरायची थांबत नाहीत. पण चेहरा त्यानं पुन्हा कोरला नाही. शिकायला आलेल्यांना त्यानं शपथ घातली, की कुणाला उचलून नेता येईल असं आपलं माणूस लाकडात ठेवायचं नाही. त्याचा स्वतःचा मुंडा तो डावीकडचा. शिकाऊंनी शपथ पाळली. भोजू कसा दिसायचा, हे आता गावात कुणालाच ठाऊक नाही.

मागं मी नातीला घेऊन त्या शहरात गेलो होतो. सुगनी आजही तिथं काचेत उभी आहे. खाली पाटी आहे. मला वाचता येत नाही, नातीनं वाचून दाखवली. त्यावर लिहिलं आहे: नर्तकी, सागवान, कारागीर अज्ञात. चेहरा काळाच्या ओघात झिजलेला.